साडेपाचची खरखर

आमच्या घरात सवत होती, ती म्हणजे एक रेडिओ. हे मी मालकांच्या तोंडावर म्हणायची आणि ते हसायचे. हा गाण्या-बातम्यांचा रेडिओ नव्हे. परीक्षा देऊन, परवाना काढून हौशी लोक एकमेकांशी बोलतात, तसला. माझे मालक सिद्धोधन पूर्णा जंक्शनवर रेल्वेच्या सिग्नल-टेलिफोन खात्यात होते. नोकरीत असतानाच त्यांनी तो परवाना मिळवला, गच्चीवर दोन बांबूंच्या मधे तार ताणली आणि रोज संध्याकाळी साडेपाचला कानांवर हेडफोन चढवून निपाणीच्या गोपाळरावांशी बोलायला बसू लागले. बोलायचं तेही तोंडानं नाही. टेबलावर पितळेची चावी होती. ती दाबून एक लहान टिक, एक लांब टीक, अशी इंग्रजी अक्षरं आणि त्या अक्षरांत मराठी. अठरा वर्षं हे चाललं. गोपाळरावांना त्यांनी एकदाही पाहिलं नव्हतं.

साडेपाच ते सव्वासहा आमच्या घरात मिक्सर फिरायचा नाही. स्वस्तातले एलईडी बल्ब त्यांनी काढून टाकले होते, टीव्हीच्या डब्याची पिन उपसून ठेवायची. विजेवरचं प्रत्येक यंत्र हवेत थोडा कचरा टाकतं आणि लांबून येणारा बारीक आवाज त्या कचऱ्यात बुडून जातो, असं त्यांचं म्हणणं.

"सुकेशनी, तुझ्या मिक्सरनं निपाणीचा रस्ता बुजायलाय," ते खोलीतून ओरडायचे.

"मग चटणी निपाणीहूनच मागवा," मी म्हणायची, आणि पाट्यावर बसायची. त्या गोपाळरावापायी मी किती चटणी हातानं वाटली याचा हिशेब नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घशात गाठ निघाली. तंबाखू. मोठ्या दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं आणि गळ्याला भोक ठेवलं. श्वास तिथूनच. त्यावर मी पांढरं मलमलीचं फडकं बांधायची. जीव वाचला, आवाज गेला.

भाच्यानं, धम्मपालनं, शाळेतल्या पोरांची असते तसली पाटी आणून दिली. तिच्यावर ते लिहायचे. पाणी. फॅन. औषध. चौतीस वर्षांच्या संसारात जो माणूस भाजीतल्या मिठावरून पंधरा मिनिटं वाद घालायचा, त्याचं बोलणं एका शब्दावर आलं. मग मीही बोलणं कमी केलं. एकटीनं किती बोलायचं? समोरून हूं की चूं नाही. भिंतीशी बोलल्यागत वाटायचं, म्हणून मी गप्प झाले. घर दोघांचं असून मुकं झालं.

चावी मात्र तशीच चालू होती. बोटांना आजार नव्हता. साडेपाचला बसले की पाऊण तास टिकटिक, टिकटिक. मला एक शब्द आणि गोपाळरावांना पाऊण तास. मला राग यायचा. आजाराचा जितका यायचा त्याहून जास्त गोपाळरावांचा यायचा, हे आज कबूल करते.

फेब्रुवारीच्या शेवटी दवाखान्याचे कागद शोधताना माझा जुना फोन सापडला. बॅटरी फुगून गेलेली. चार्जर लावलेला असला तरच चालायचा, पिन काढली की लगेच बंद. सहज लावून बघितला. धम्मपालनं कधीतरी त्यात येणाऱ्या-जाणाऱ्या फोनवरचं बोलणं आपोआप साठवायची सोय करून दिली होती, हे मी विसरूनही गेले होते. यादी उघडली तर सगळीकडे त्यांचंच नाव. एकावर बोट ठेवलं.

"ऐकायलीस का? अगं, मेथी लय स्वस्त हाय. आणू का दोन जुड्या?"

मी ओट्यापाशी खाली बसले. दोन वर्षांनी तो आवाज कानात आला होता, आणि तो मेथीचं विचारत होता.

प्रत्येक फोनची सुरुवात तीच. ऐकायलीस का. गाडी लेट हाय, जेवून घे. चुडाव्याला सिग्नल बिघडलाय, तिकडं जायलोय, उशीर होईल. माझा चष्मा कुठं ठिवलास? सगळं असलंच. प्रेमाचा एक शब्द नाही त्यात. मी मात्र रोज ऐकायला लागले. त्यांच्या समोर ऐकणं मला जमलं नसतं. ज्याचा आवाज गेला त्याच्याच कानावर तो कसा घालायचा? म्हणून मी वेळ निवडली. साडेपाचला ते खोलीत बसले, हेडफोन चढले, की मी पेटीचं कुलूप काढायची, फोन आणि चार्जर घेऊन स्वयंपाकघरात जमिनीवर बसायची. आवाज अगदी बारीक ठेवायची. सव्वासहाला पुन्हा पेटीत, पुन्हा कुलूप. दुकानात नेऊन कुणाकडून ते दुसऱ्या फोनमधे घालून घ्यावं असं एकदा मनात आलं. पण परक्या माणसाच्या हातात त्यांचा आवाज द्यायचा माझा जीव झाला नाही.

आणि त्याच सुमारास त्यांच्या रेडिओत खरखर सुरू झाली.

पहिल्या दिवशी ते हेडफोन काढून माझ्याकडे आले आणि पाटीवर लिहिलं, "गोपाळ ऐकू येत नाही." त्या माणसाकडे बोलायला एकच जागा उरली होती, आणि ती बुजली होती.

खरखर कशी शोधायची हे मला पाठ होतं. दुसऱ्यांना ते फोनवर शिकवायचे ते मी शंभरदा ऐकलेलं. आधी आपलं घर. रेडिओ बॅटरीवर चालवायचा, घराचा मेन स्विच बंद करायचा. खरखर गेली तर चोर घरात, राहिली तर बाहेर. दोन-तीन दिवसांनी त्यांनी तसं केलंही. मी आत फोन ऐकत होते आणि मधेच तो बंद पडला. मला वाटलं लाईट गेली. घाईघाईनं सगळं पेटीत टाकलं. थोड्या वेळानं ते आले, पाटी पुढे केली. "घरातलं नाही. बाहेरचं आहे. उद्या सकाळी शोधू. तू चल. बोलायला कोण आहे?"

खरखर संध्याकाळी आणि शोध सकाळी. मला तेव्हाच शंका यायला हवी होती. पण रेडिओतलं त्यांना कळतं, मला काय कळतं, असं म्हणून मी चप्पल घातली.

मार्च-एप्रिलच्या त्या सकाळी अशा गेल्या. ते पुढे, हातात छोटा ट्रान्झिस्टर, काटा कुठलंच स्टेशन नसलेल्या रिकाम्या जागी लावलेला. मी मागे. एखाद्या दारापाशी ट्रान्झिस्टर घरघरला की ते थांबायचे, बोट दाखवायचे, आणि मी कडी वाजवायची. मला हे सोपं नव्हतं. माझी आई पेडगावात लोकांच्या दारात मागायला उभी राहिलेली मी पाहिली आहे, दाराच्या बाहेर, पायरीच्या खाली. मी शिकले, अंगणवाडीत नोकरी केली, आणि मनाशी ठरवलं होतं की कुणाच्या दारात काही मागायला जाणार नाही. त्यांच्यासाठी गेले.

गल्लीतल्या महारुद्रच्या घरी बॅटरीच्या रिक्षाचा चार्जर होता. तो म्हणाला, "काकू, रिक्षा चार्ज केली न्हाई तर धंदा कसा करू?"

"रिक्षा बंद कर म्हनलंय का मी? साडेपाच ते सव्वासहा तेवढी पिन काढ. काकांना दुसरं काय उरलंय सांग. तू लहान असताना तुझ्या घरचा फोन कोन नीट करून देत होतं?" मी सुरू झाले की थांबलेच नाही. महारुद्रनं हात जोडले. सरजाबाईच्या देवघरातल्या चमकत्या माळेवरून तर आमचं जोरात वाजलं. तिनं देवाचं नाव काढलं, मी माणसाचं काढलं, आणि शेवटी तिनं माळ काढून चहा केला. घरी येताना मी वाटभर बोलत आले. तिच्या सुनेचं, तिच्या चहाचं, महारुद्रच्या रिक्षावरच्या रंगाचं. हे माझ्या बाजूनं चालत होते आणि माझ्या तोंडाकडे बघत होते. मला वाटलं, मी नीट सांगितलं का तेवढं बघतायत.

खरखर मात्र जाईना. रोज साडेपाचला ते बसायचे, तोंड वाकडं करून ती घरघर ऐकायचे आणि तरीही चावी दाबत राहायचे. मला ते बघवायचं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन फोन लावायची.

एप्रिलच्या मध्यावर एका संध्याकाळी तो छोटा ट्रान्झिस्टर ओट्यावरच राहिला होता, चालू. मी चार्जरची पिन खोचली आणि ट्रान्झिस्टर खवळला. पिन काढली, गप्प. खोचली, पुन्हा घरघर. पाच-सहा वेळा करून बघितलं. चोर मीच होते.

मी तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. सांगितलं असतं तर फोन बंद करावा लागला असता. त्यांना गोपाळरावांचा आवाज हवा होता, मला त्यांचा हवा होता, आणि दोन्ही एका वेळी मिळत नव्हते. मी माझं बघितलं. ट्रान्झिस्टर बंद केला, दूर नेऊन ठेवला आणि पुन्हा पिन खोचली. त्यानंतर वीस दिवस मी त्या आजारी माणसाला उन्हातून दारोदार फिरू दिलं, आणि ज्यांचा काही दोष नव्हता त्यांच्याशी त्याच्या वतीनं भांडले.

मे महिन्यात त्यांनी पाटीवर लिहिलं, गावाबाहेर, मुंजाजींच्या शेतापर्यंत चल. रानडुकरं आत येऊ नयेत म्हणून मुंजाजींनी कुंपणाच्या तारेला झटका मशीन लावली होती. तिचा रेडिओत ठराविक ठोका येतो, टक, टक, टक. आमच्या खरखरीशी त्याचा काही संबंध नाही हे आता मलाही कळत होतं. तरी गेले. साडेनऊलाच ऊन भाजत होतं. मुंजाजींशी मी बोलत असताना हे बांधावर बसले आणि बसल्या जागी कलंडले. गळ्याच्या भोकातून श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. मुंजाजींनी पाणी आणलं, आपल्या मोटारसायकलीवर मधे बसवून घरी आणून सोडलं.

"वहिनी, एवढ्या उन्हात काय शोधायलाव तुमी?" मुंजाजी म्हणाले.

डॉक्टरांनी सांगितलं, गाठ पुन्हा आली आहे, आता करण्यासारखं काही नाही. त्या संध्याकाळी मी पेटी उघडली नाही. साडेपाच वाजले. ते कसेबसे उठून खुर्चीत बसले, हेडफोन चढवले. मी स्वयंपाकघरात परातीत पीठ घेऊन बसले. कान त्या आवाजासाठी तडफडत होते, पण हात मी पिठातच ठेवले. होऊ दे त्यांचं बोलणं, म्हटलं. एवढं तरी माझ्याकडून होऊ दे.

दहा-बारा मिनिटांत ते दारात आले. भिंतीला धरून उभे. माझ्याकडे बघितलं, मग भिंतीवरच्या बोर्डाकडे, जिथे मी पिन खोचायची तिकडे, मग पुन्हा माझ्याकडे. ओठ हलले. पाटी आणली नव्हती. माझा जीव आधीच फुटायच्या बेतात होता. मी वस्सकन बोलले.

"काय पायजे? चहा? आत्ताच दिलाय की. ऐकू यायलंय न्हवं आता? मग जावा, बसा तिथं!"

ते थोडा वेळ उभे राहिले आणि परत गेले. आणखी दोन संध्याकाळी ते तसेच खुर्चीत बसले. त्याही दिवशी मी फोनला हात लावला नाही. चौथ्या दिवशी सकाळी, मी फडकं बदलत असताना, ते गेले.

लोक भेटायला येत होते. मी रडत होते, पण आत एक आधार धरून होते. शेवटच्या तीन संध्याकाळी मी त्यांना गोपाळराव ऐकू दिले. वीस दिवसांचं पाप तीन दिवसांत फिटत नाही, पण काहीतरी दिलं.

ते गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला कोल्हापूरच्या गाडीनं गोपाळराव आले. बुटके, जाड चष्म्याचे, हातात कापडी पिशवी. मला वाटलं होतं कुणी मोठा माणूस असेल. फोटोसमोर उभे राहून त्यांनी बोटानं टेबलावर काहीतरी वाजवलं, लहान-लांब, आणि डोळे पुसले. माणसं पांगल्यावर मी त्यांच्यापुढे बसले. कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला जगता येणार नव्हतं.

"भाऊ, ती खरखर माझी होती. माझ्या फोनच्या चार्जरची. मला म्हाईत होतं आणि मी सांगितलं न्हाई."

गोपाळरावांनी पिशवी मांडीवर घेतली. मग म्हणाले, "वहिनी, त्यांनाही माहीत होतं. पहिल्या आठवड्यापासून."

त्यांनी पिशवीतून वही काढली. या लोकांची रीत असते, रोजचं बोलणं तारीख, वेळ घालून वहीत नोंदवायचं. गोपाळराव म्हणाले, "खरखर तुमच्याकडे होती. त्यांना मी ऐकू येत नव्हतो, पण ते मला स्वच्छ ऐकू येत होते. ते म्हणाले, तू रोज हाक तेवढी दे, उत्तर देऊ नको, नुसतं लिहून घे. मी लिहून घेतलं. आमच्यात एकाचं बोलणं दुसरीकडे सांगत नाहीत. पण आता हे तुमचं आहे." आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली.

"मार्च. मेन बंद केला, खरखर गेली. घरातलीच आहे. कालच दाराशी जाऊन बघितलं होतं. ती जमिनीवर बसून जुन्या फोनवर माझाच आवाज ऐकते आहे. मी मेथीचं विचारतो आहे आणि ती हसते आहे. गोपाळ, मी तिला दोन वर्षांत हसताना बघितलं नव्हतं.

"चार्जर बदलला की खरखर जाईल, दोन मिनिटांचं काम. पण पेटीला कुलूप आहे. कुलूप काढायला सांगितलं तर तिला कळेल की मला कळलंय. मग ती ऐकायचं सोडेल. ओळखतो तिला. राहू दे खरखर.

"आज खोटाच शोध काढून तिला बाहेर नेलं. मी मुका झाल्यापासून ती पण मुकी झाली होती. आज सरजाबाईशी भांडली. घरापर्यंत बोलत आली. लय बरं वाटलं. उद्या दुसरं घर शोधतो.

"पाय चालत नाहीत. पण जवळची घरं संपली. उद्या मुंजाजींचं शेत."

मी तोंडावर पदर घेतला. गोपाळराव थांबले. मी म्हणाले, "वाचा." त्यांनी पान उलटलं.

"आज खरखर नाही. तू खणखणीत येतो आहेस. काहीतरी बिघडलंय गोपाळ, ती ऐकत नाहीये. बघून येतो." गोपाळरावांनी बोट ठेवलं. "इथं आठ मिनिटं रिकामी आहेत. मग हे." ते वाचू लागले. "विचारायला गेलो. पाटी टेबलावरच राहिली. तिला वाटलं चहा मागतोय."

त्यापुढचा दिवस कोरा होता. ते चावीवर हात ठेवूनच बसले असतील. मग शेवटची ओळ.

"आजही साफ आहे. तेच तेच ऐकून ती कंटाळली असेल. तिचं बरोबर आहे. एका माणसाचं किती ऐकायचं."

वही माझ्याकडे ठेवून गोपाळराव संध्याकाळच्या आत स्टेशनावर गेले. धम्मपाल त्यांना सोडायला गेला. घरात मी एकटीच उरले. साडेपाचला त्यांच्या खोलीत गेले, रेडिओचं बटण फिरवलं आणि हेडफोनची पिन काढून टाकली, म्हणजे आवाज खोलीभर येतो. पेटीतून फोन आणला, त्यांच्या टेबलाजवळच्या बोर्डात चार्जर खोचला. खरखर सुरू झाली, जिच्यात ते अडीच महिने बसले होते तीच. मी त्यांच्या खुर्चीत बसले आणि फोनचा आवाज होता तेवढा मोठा केला.

"ऐकायलीस का?" ते म्हणाले.

"ऐकायले," मी म्हणाले. "ऐकायले हो. मी कुटं सोडलं होतं?"

ते पुढे मेथीचं विचारत राहिले.